टाचणीमावशीची तलवार

दिग्दर्शकाने वायरचं भेंडोळं शिलाईच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा टाचणीमावशी एका बाहीला अस्तर लावत होती. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती, तिथे कपडेपट चालायचा. तीन भिंतींना कपड्यांच्या दांड्या, चौथीला खिडकी आणि खिडकीखाली तिचं पायमशीन. काम करताना कायम ओठांत टाचण्या धरायची, म्हणून कोणीतरी तिला टाचणी म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की नवी मंडळी तिच्या नवऱ्यालाही टाचणीकाका म्हणू लागली. टाचण्या तोंडात असतानाही तिला बोलता यायचं. फक्त प आणि ब जरा अडखळायचे.

"मावशी, या बाहीला आतून एक नेफा घालून द्या," दिग्दर्शक म्हणाला. "काखेपासून मनगटापर्यंत. ही वायर जाईल एवढा."

"कसली वायर?"

"तलवारीची. गुहेच्या प्रवेशात रंगमंचावरचे सगळे दिवे घालवणार आहोत. अंधारात फक्त तलवार उजळायला हवी. डेकोरेशनवाल्याने सुचवलं, पारदर्शक पाइपात दिव्यांची माळ भरायची, वायर बाहीतून पाठीवर, पाठीवरून खाली आणि पिन विंगेतल्या बोर्डात."

मावशीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. हे क्वचितच घडायचं. दिग्दर्शकानेही ते पाहिलं असावं, कारण तो घाईघाईने म्हणाला, "एलईडी आहेत हो. एलईडीने काय होतंय?"

"पण वीज भिंतीतली."

"माळा सगळीकडे लावतातच की."

"माळा खिडकीला लावतात. हिला घाम येतो."

'ही' म्हणजे तिची लेक. दिवसा औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि संध्याकाळी तालमीला यायची. या नाटकात तिला पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली होती. मावशीच्या हातातली बाही तिच्याच अंगरख्याची होती.

"मी नाही शिवणार," मावशी म्हणाली.

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता, पण प्रयोग तोंडावर आला होता आणि तो वैतागला होता. "मग दुसरा उपाय सांगा. नाहीतर तुम्हीच करून आणा तलवार. सेलवर चालणारी, बिनवायरची. आणलीत तर मला आनंदच आहे." एवढं बोलून तो गेला. भेंडोळं टेबलावरच राहिलं. मावशीने ते कापडाच्या तुकड्यात धरून दाराबाहेर नेऊन ठेवलं.

विजेला ती किती घाबरते हे नाट्यगृहात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि का, तेही. तिचा नवरा याच नाट्यगृहाचा प्रकाशवाला होता. काही वर्षांपूर्वी शिडीवर चढून दिव्याची दिशा बदलत असताना त्या दिव्याच्या पत्र्याच्या खोक्यात वीज उतरली. त्याने उजव्या हाताने खोकं धरलं होतं आणि तो हात सुटेना. मावशी खालीच उभी होती, हातात कोणाचा तरी झब्बा घेऊन. तिला वाटलं, हा वरून काहीतरी खुणावतोय. मग तिला त्याचे दात दिसले. कोणीतरी धावत जाऊन मेन बंद केला, तसा तो खाली पडला. पडद्यांच्या ढिगावर पडला म्हणून वाचला. पण उजव्या हाताची तीन बोटं आत वळली, ती तशीच राहिली. त्यानंतर त्याने नाट्यगृहात पाऊल ठेवलं नाही. घरी बसून डाव्या हाताने तिच्या शिलाईची काजं-बटणं करायचा, आणि सुबक करायचा. पण घरातला बल्ब गेला तरी शेजाऱ्याला हाक मारायचा.

त्या संध्याकाळी मावशीने त्याला सगळं सांगितलं. तो बटण लावत होता. बाहीतल्या वायरचं ऐकून त्याची सुई थांबली.

"नाही म्हणालीस ना?"

"म्हणाले. पण मी नाही शिवलं तर दुसरं कोणीतरी शिवेल. सेलवरची तलवार करून दिली तरच ते थांबेल. तुम्ही सांगा, मी करते."

"मला विचारू नकोस," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. "मला आता काही आठवत नाही."

खोटं बोलत होता. ते दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा, भिंतभर छोटे छोटे खण. दुकानदाराने कपाळावर भिंग चढवलेलं होतं.

"मला एक रेझिस्टन्स द्या," मावशी म्हणाली. रस्त्याने येताना तिने तो शब्द घोकला होता. लेकीने फोनवर शोधून तेवढं सांगितलं होतं की एलईडीला सेल थेट जोडायचे नसतात, मध्ये रेझिस्टर लागतो.

"किती ओहमचा?"

"हातभर तलवारीला पुरेल एवढा."

दुकानदाराने भिंग खाली ओढून तिच्याकडे पाहिलं. तो हसला नाही याबद्दल मावशी त्याला कायम चांगलं म्हणत आली. "ताई, तो लांबीवर नसतो. एलईडी कुठला, सेल किती, त्यावर ठरतो. तुम्ही आधी ते ठरवा."

शेजारी उभं असलेलं एक गिऱ्हाईक मध्येच म्हणालं, "अहो, शंभरचा टाका कुठलाही. मी नेहमी शंभरचाच टाकतो. पेटतात मस्त."

'पेटतात' हा शब्द ऐकून मावशी एक पाऊल मागे सरली. तिने पांढरे एलईडी, सेल बसवायची डबी आणि सहा पेन्सिल सेल घेतले, रेझिस्टर काही न घेता ती घरी आली. सामान कॉटवर मांडून ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "एक जण म्हणाला, शंभरचा टाका."

नवरा गर्रकन वळला. "शंभर? कोण म्हणाला शंभर? सहा सेल म्हणजे नऊ व्होल्ट. नऊवर शंभर टाकलास तर भाजून निघतील ते एलईडी!"

मग आपण बोललो हे त्याच्या लक्षात आलं आणि तो गप्प झाला. ती फक्त खडू घेऊन त्याच्यासमोर बसली. कापडावर खुणा करायचा चपटा खडू होता तो. बऱ्याच वेळाने त्याने तो डाव्या हातात घेतला आणि फरशीवर लिहायला सुरुवात केली.

"सेल देतात नऊ. एलईडीला लागतात तीन. उरले सहा. हे सहा कोणीतरी अंगावर घ्यायला हवेत, नाहीतर एलईडी जळतो. ते अंगावर घेणारा तो रेझिस्टर. आता एलईडीतून किती वीज जाऊ द्यायची? पंधरा मिलीअँपिअर पुरे, म्हणजे एका अँपिअरच्या हजार भागांतले पंधरा. अंधारात तेवढा उजेड खूप होतो. सहाला त्याने भागलं की चारशे येतात."

"मग चारशेचा आणते."

"चारशेचा सहसा मिळत नाही. तीनशे नव्वद मिळतो आणि चारशे सत्तर मिळतो."

मावशीने फरशीवरच्या आकड्यांकडे पाहिलं. "मापापेक्षा आखूड कापलं तर कपडा वाया जातो. मोठं कापलं तर आत घेता येतं."

"चारशे सत्तर," तो म्हणाला. "थोडी माया सोड."

शिवणीबाहेर राखून ठेवायच्या कापडाच्या काठाला शिलाईत माया म्हणतात; तो शब्द त्याच्या तोंडून ऐकून तिला बरं वाटलं. पण लगेच दुसरी शंका आली. "बारा एलईडी आहेत. सगळ्यांना मिळून एकच मोठा रेझिस्टर नाही का चालणार? तेवढीच जोडणी कमी."

"नाही. प्रत्येकाला स्वतंत्र. एकच ठेवलास आणि एक एलईडी मेला, तर त्याच्या वाट्याची वीज उरलेल्यांवर पडते. मग दुसरा मरतो. मग तिसरा."

"आणि मग हाताला?"

त्याने खडू फरशीवर ठेवला.

"हात आवळला तर?" मावशीने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. "मूठ सुटली नाही तर? तुमच्यासारखी?"

तो उठला, पाण्याच्या पेल्यात डावा अंगठा आणि तर्जनी बुडवली, आणि सेलच्या डबीतून निघालेल्या दोन तारांची उघडी टोकं बोटांनी धरली. त्याचा हात थरथरत होता, इतका की एक तार निसटली. ती त्याने पुन्हा धरली. कपाळावर घाम आला होता. मावशीने त्याचा दंड घट्ट पकडून ठेवला, जणू ओढायची वेळ आली तर ओढता यावं.

"बघ," तो म्हणाला. "काही नाही. एवढ्याने हात आवळत नाही. भिंतीतली वीज वेगळी. ही वेगळी."

"मग थरथरताय कशाला?"

"हाताला ते कळत नाही."

मग मावशीनेही बोटं ओली केली आणि त्या तारा धरल्या. मुंगीसुद्धा चावली नाही. तिने हात बाजूला घेतला आणि पदराला पुसला. थोड्या वेळाने पुन्हा पुसला.

पुढचे काही दिवस त्यांच्या खोलीत तलवार शिवली जात होती, असंच म्हणायला हवं. मावशीने लाकडाची बारीक पट्टी घेतली, तिच्यावर सारख्या अंतराने खुणा केल्या आणि बटणं लावावीत तसे एलईडी लावले. तारा जोडायची सोल्डरिंगची कांब मात्र भिंतीतल्या विजेवर चालायची. लेक पिन लावायची, बटण दाबायची, आणि मावशी तोवर खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायची. कांब तापली की लेक पिन काढून घ्यायची, मग मावशी येऊन एकदोन डाग द्यायची, कांब निवायची, पुन्हा पिन.

"आई, असं केलं तर प्रयोग पुढच्या वर्षी होईल."

"होऊ दे."

रेझिस्टर ओळखायचे त्यांच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून. नवऱ्याने तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं: पिवळा, जांभळा, तपकिरी. पिवळा चार, जांभळा सात आणि तिसरा पट्टा पुढे शून्यं किती ते सांगतो, तपकिरी म्हणजे एक. दुकानदाराने कागदाच्या पुडीत मूठभर दिले होते, चार जास्तच टाकले होते. मावशी संध्याकाळी कामावरून आल्यावर बल्बच्या पिवळ्या उजेडात एकेक उचलून बघायची. तांदळाएवढी ती वस्तू, त्यावर केसाएवढे पट्टे. पिवळा, जांभळा, तपकिरी. लाव.

पट्टी तयार झाली. मावशीने पारदर्शक पाइपात बटर पेपरची सुरळी घातली, म्हणजे उजेड पसरेल, आणि तिच्या आत ती पट्टी सरकवली. मुठीत सेल बसवले, मुठीला दोरी गुंडाळली. मग तिघंही समोर बसले आणि लेकीने बटण सरकवलं.

पातं उजळलं. खोलीत दुधासारखा प्रकाश पडला. टोकाकडचे दोन दिवे तर बाकीच्यांपेक्षा जास्तच झळकत होते आणि मावशीला ते आवडलंही, टोक चमकतं तसं.

"बंद कर," ती लगेच म्हणाली.

"थोडा वेळ चालू ठेव," नवरा म्हणाला. "चालू ठेवून बघायला हवं."

"नको. पेटली ना? झालं. बंद कर, बंद कर."

लेकीने बंद केली. नवऱ्याने आणखी आग्रह धरला नाही. आपला शब्द खरा धरावा एवढा त्याचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तालमीत दिग्दर्शकाने दिवे घालवले. लेक गुहेच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिने तलवार उजळली. काळोखात तिचा चेहरा, हनुवटी, अंगरख्याची बाही एवढंच दिसू लागलं. खुर्च्यांवर बसलेली माणसं गप्प झाली. मावशी विंगेत उभी होती, दोन्ही हातांनी पडद्याची कड धरून.

लेक दोन वाक्यं बोलली असेल. मग मावशीला वास आला.

तो वास तिने कुठेही ओळखला असता. टोकाकडचा एक दिवा विझला, मग त्याच्या शेजारचा, आणि पाइपाच्या तोंडातून धुराची बारीक रेघ वर जाऊ लागली. लेक त्या धुराकडे बघत तशीच उभी राहिली. मूठ घट्ट आवळलेली.

"सोड!" मावशी ओरडली. "हात सोड! सोड हात!"

ती कशी धावली तिला कळलं नाही. लेकीचं मनगट धरून तिने असं पिरगाळलं की तलवार उडून समोरच्या फळ्यांवर जाऊन पडली. कोणीतरी दिवे लावले. मावशी लेकीची बोटं एकेक करून सरळ करत होती, उलटी करून बघत होती, पुन्हा सरळ करत होती.

"आई. आई, ऐक. मला काही झालं नाही. मी सोडतच होते." लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तू मनगट मुरगाळलंस."

दुखापत झाली ती तेवढीच. बटर पेपरला एक काळा डाग पडला होता, आणि धूर थांबलाही होता. पण दिग्दर्शकाने मान हलवली. "मावशी, तुम्ही फार केलंत. आता राहू द्या. मी डेकोरेशनवाल्याला निरोप पाठवतो."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा."

"मावशी..."

"उद्या संध्याकाळी नाही झालं तर मी स्वतः नेफा शिवून देईन," मावशी म्हणाली. म्हणाली खरी, आणि ते शब्द तोंडातून गेल्याबरोबर तिला घेरी आल्यासारखं झालं. पण दिग्दर्शक थांबायला तयार झाला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो पांढरा पडला. "चारशे सत्तर बरोबर आहे," तो पुटपुटला. "बरोबर आहे ना? नऊ वजा तीन, सहा..." फरशीवरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते. त्याने पुन्हा लिहिले, पुन्हा भागाकार केला, उत्तर तेच आलं. त्याने पुन्हा केला. मावशीने त्याच्या हातातून खडू काढून घेतला.

"हिशेब बरोबर आहे. जळलं ते दुसऱ्याच कशाने तरी."

सकाळी लेकीने सुट्टी टाकली. मनगटाला पट्टी बांधून ती बापाशेजारी खिडकीत बसली. मावशीने तलवारीच्या पाइपातून लाकडी पट्टी बाहेर काढली. टोकाचे दोन रेझिस्टर काळेठिक्कर झाले होते, त्यांच्यावर कुठलाच पट्टा दिसत नव्हता. नवऱ्याने पुडीत उरलेले चार रेझिस्टर खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात ठेवले आणि वाकून बघू लागला.

"इकडे ये," तो लेकीला म्हणाला. "तिसरा पट्टा सांग."

"तपकिरी. तपकिरी. तपकिरी..." लेक थांबली. "हा काळा आहे, बाबा."

मावशीने तो उचलून डोळ्यांजवळ नेला. उन्हात काळा आणि तपकिरी स्वच्छ वेगळे दिसत होते. बल्बखाली ते तिला एकच वाटले होते.

"काळा म्हणजे पुढे एकही शून्य नाही," नवरा म्हणाला. "हा सत्तेचाळीसचा. दुकानदाराच्या खणात मिसळले असणार." त्याने जळलेल्या दोघांवर बोट ठेवलं. "दहापट वीज ओढली त्यांनी. परवा घरी थोडा वेळ चालू ठेवली असती, तर इथेच दिसलं असतं."

"मीच बंद करायला लावली," मावशी म्हणाली.

"आणि मी ठेवायला लावली नाही."

मग तो उठला आणि कॉटखाली वाकला. तिथे, सगळ्यात मागे, त्याची अवजारांची पिशवी होती. शिडीवरून पडला त्या दिवशी नाट्यगृहातून कोणीतरी ती आणून दिली होती आणि तेव्हापासून तिची चेन कोणी उघडली नव्हती. आता ती गंजून अडकली होती. एका हाताने ती उघडेना. मावशीने मशीनचं तेल लावलं, लेकीने पिशवी धरली आणि चेन एकदाची सरकली. आत मीटर होता, त्यातला सेल फुगून पांढरा झालेला. लेक जाऊन नवा घेऊन आली.

त्याने मीटरच्या दोन सळया मावशीच्या हातात दिल्या आणि मीटर बघायला स्वतः बसला. तिने एकेका रेझिस्टरच्या दोन पायांना सळया टेकवायच्या, त्याने आकडा वाचायचा.

"चारशे पासष्ट. चालेल. चारशे बहात्तर. चालेल."

"एकही चारशे सत्तर नाही?" मावशी घाबरून म्हणाली.

"तुझ्या हातचा झगा कधी सुतासुताला मापात आलाय का? एवढा फरक धरलेलाच असतो."

"माझ्या हातचा येतो," मावशी म्हणाली, आणि लेक हसली. त्या घरात गेल्या कित्येक दिवसांत कोणी हसलं नव्हतं.

पट्टीवरचे उरलेले दहाही त्यांनी मोजून पाहिले. जळलेले दोन, एलईडीसकट, काढून टाकले आणि मोजून घेतलेले नवे बसवले. या वेळी कांबेची पिन मावशीने स्वतः लावली. दुसरा हात पाठीमागे घट्ट दाबून धरला होता, डोळे अर्धवट मिटलेले, पण लावली.

मग तलवार चालू करून त्यांनी ती पाण्याच्या दोन मडक्यांवर आडवी ठेवली आणि तिघं बघत बसले. नवऱ्याने बजावलं होतं, आता कोणी बंद करायची नाही. मावशी अधूनमधून उठून पात्यावरून हात फिरवायची, मुठीपासून टोकापर्यंत. नाकाने हुंगायची. पुन्हा येऊन बसायची. स्वयंपाक राहिला, तिघांनी पाव-केळी खाल्ली. दुपार कलली तरी पातं पहिल्यासारखंच दुधाळ होतं आणि हाताला गार लागत होतं. मावशीची छाती मात्र सकाळी जशी धडधडत होती तशीच धडधडत राहिली. तिला वाटलं होतं, काही वेळ गेला की ती थांबेल.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "मी येतो सोबत."

तो नाट्यगृहाच्या मागच्या दारातून आत आला, कपडेपटाच्या खोलीपर्यंत आला आणि तिथे मशीनच्या स्टुलावर बसला. त्याच्या पुढे त्याला जाववलं नाही. तालमीत तलवार पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत चालली. वायरचं भेंडोळं ज्याचं होतं त्याच्याकडे परत गेलं.

प्रयोगाच्या दिवशी मावशी विंगेत अगदी कडेला उभी होती. समोर खुर्च्या भरल्या होत्या. गुहेचा प्रवेश आला, दिवे गेले, तलवार उजळली. लेकीचा आवाज खणखणीत होता. मावशीचं लक्ष शब्दांकडे नव्हतं, ती वास घेत होती. पावडरचा वास, घामाचा वास, जुन्या पडद्यांचा वास. जळका वास नव्हता.

आणि प्रवेशाच्या मध्यावर, लेकीने तलवार फिरवून वर उचलली त्या क्षणी, उजेड गेला.

पूर्ण काळोख झाला. मावशीला स्वतःचा हातही दिसेना. कोणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज समोरून आला. लेक कुठे उभी आहे, पडली का, मूठ आवळली का, काही कळायला मार्ग नव्हता. ओरडायला तिने तोंड उघडलं.

"उजेड गेला म्हणून रस्ता थोडाच गेला!" काळोखातून लेकीचा आवाज आला. हे वाक्य नाटकात नव्हतं. मग मुठीवर तळहात आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि पातं पुन्हा उजळलं. समोरून टाळ्या पडल्या.

नंतर कळलं ते एवढंच, की झटक्याने मुठीतल्या डबीचा एक सेल जागचा हलला होता. ना काही तापलं होतं, ना काही जळलं होतं.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक कपडेपटात धावत आला. मावशी, नवरा आणि लेक तलवार उघडून सेल तपासत होती. "मावशी! ते मध्येच विझणं काय सुंदर होतं! रोज करायचं बरं का."

"रोज?" मावशी म्हणाली. "मला रोज मारायचंय का?"

पण नाटकाचे पुढे बरेच प्रयोग झाले आणि प्रत्येक प्रयोगात तलवार त्या जागी विझत राहिली, लेकीच्या अंगठ्याखाली बसवलेल्या एका छोट्या बटणाने. ते बटण मावशीच्या नवऱ्याने सुचवलं आणि मावशीनेच बसवलं. सेलच्या मागे तिने स्पंजचा तुकडा कोंबला, म्हणजे ते आपणहून हलू नयेत. तरीही दर प्रयोगाला काळोख झाला की ती विंगेत श्वास रोखून उभी राहायची, आणि उजेड येईपर्यंत तिला शिडी दिसायची.

पुढच्या हंगामात दिग्दर्शकाला एका राणीच्या मुकुटात दिवे हवे होते. तो दारात उभा राहून चाचरत म्हणाला, "जमेल का मावशी? डोक्यावर घालायचा आहे, म्हणून विचारतो."

मावशीने ओठांतल्या टाचण्या काढल्या नाहीत. स्टुलावर बसून काजं करणाऱ्या नवऱ्याकडे तिने पाहिलं, त्यानेही तिच्याकडे पाहिलं.

"एलईडी कुठल्या रंगाचे?" त्याने विचारलं.

"लाल."

"लाल दोनच व्होल्ट घेतो," तो मावशीला म्हणाला. "हिशेब बदलेल. खडू दे."